त्रास किती झाला आणि किती वेळ राहिला

पहिल्या वर्षाच्या वर्गात ताणाचा धडा आला की मी होम्स आणि राहे यांच्या यादीपासून सुरुवात करते. टॉमस होम्स आणि रिचर्ड राहे हे दोघे मानसोपचारतज्ज्ञ. १९६७ साली त्यांनी आयुष्यात उलथापालथ घडवणाऱ्या ४३ घटनांची यादी छापली आणि प्रत्येक घटनेला गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू १००, घटस्फोट ७३, लग्न ५०, सुट्टीवर जाणं १३, किरकोळ कायदेभंग ११. गेल्या वर्षभरात आपल्या वाट्याला काय काय आलं ते बघायचं, गुण मिळवायचे. बेरीज जितकी मोठी तितकी आजारी पडण्याची शक्यता जास्त, असा हिशेब. लग्न आणि सुट्टी त्यात का, हे मुलं लगेच विचारतात. कारण यादी दुःखाची नाही, बदलाची आहे. घडी मोडली की ती पुन्हा बसवावी लागते आणि त्या बसवण्याला शरीर काही किंमत मोजतं, एवढंच तिचं म्हणणं.

ही यादी मला आवडते. आजारपणाला आयुष्याचा संदर्भ असतो, हे तिने डॉक्टरांना आकड्यांत दाखवलं. पण मी आज लिहितेय ते त्या यादीत न बसणाऱ्या गोष्टींबद्दल.

माझ्या सासूबाईंना डिमेन्शिया, म्हणजे स्मृती आणि समज हळूहळू ओसरत जाण्याचा आजार, आहे. घरात आम्ही दोघंही त्यांना आईच म्हणतो. यादीत 'कुटुंबातल्या व्यक्तीच्या प्रकृतीत बदल' अशी एक नोंद आहे, तिला ४४ गुण. निदान झालं त्या वर्षी ते ४४ गुण मी माझ्या नावावर मांडू शकत होते. पुढे काय? पुढे रोज अंधारून आलं की आई उठून दारापर्यंत जातात आणि विचारतात, "कडी लावलीस का गं?" मी म्हणते, "लावली हो, आई." त्या येऊन बसतात, जरा वेळाने पुन्हा उठतात, पुन्हा तोच प्रश्न. संध्याकाळी अस्वस्थपणा वाढणं हे या आजाराचं नेहमीचं लक्षण आहे, हे मला माहीत आहे. पण पेपर तपासत बसलेली असताना तो प्रश्न पुन्हा आला की माझे खांदे वर ओढले जातात, हेही खरं. चष्मा उशीच्या अभ्र्यात सापडतो. औषध घेतलं की नाही यावर दोन मतं पडतात. यातल्या कशालाच गुण नाहीत, कारण यातलं काहीच 'घटना' नाही.

राहे अमेरिकी नौदलात होते आणि त्यांनी ही यादी जहाजांवरच्या सुमारे अडीच हजार खलाशांवर तपासून पाहिली. आदल्या काळातले गुण आणि पुढे समुद्रावर असताना झालेली आजारपणं यांचा संबंध सापडला, पण पुसटसा, सहसंबंध ०.१२ च्या आसपास (० म्हणजे संबंधच नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध). म्हणजे मोठ्या घटनांनी सांगण्यासारखं बरंच काही शिल्लक राहिलं होतं.

ते शिल्लक कुठे असेल, याकडे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लाझारस यांचं लक्ष गेलं. ते, अ‍ॅलन कॅनर आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली रोजच्या कटकटींची ११७ कलमांची प्रश्नावली तयार केली. वस्तू हरवणं, कामांचा ढीग, घराची डागडुजी, वाढत्या किमती, घरातल्या कुणाची तरी तब्येत, स्वतःचं वजन. मध्यमवयीन लोकांच्या एका गटाकडून ती दर महिन्याला अशी १० महिने भरून घेतली. माणसाचं मानसिक स्वास्थ्य कसं आहे आणि पुढे कसं असेल, याचा अंदाज मोठ्या घटनांपेक्षा या कटकटींवरून जास्त चांगला बांधता आला. विद्यार्थी हे ऐकतात तेव्हा वर्गात थोडी चुळबुळ होते. 'एवढ्याशा गोष्टीचं काय' हे सगळ्यांनीच घरी ऐकलेलं असतं.

पुढच्या तासाला मी याच निष्कर्षावरचा आक्षेपही शिकवते, आणि तो वजनदार आहे. १९८४ साली डोहरेनवेंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारलं की कटकट म्हणून जे मोजताय त्यातलं काही मुळातच खचलेल्या मनाचं लक्षण नाही का? जो आधीच उदास आहे त्याला नळ गळण्याचा आवाजही सहन होत नाही. मग नळामुळे उदासी की उदासीमुळे नळ? लाझारस यांनी उत्तर दिलं, वाद रंगला. प्रश्नावली महिन्यातून एकदा भरायची असेल तर हा गुंता सुटत नाही, एवढं मात्र स्पष्ट झालं. महिन्याच्या शेवटी माणसाला महिना आठवत नाही. त्याला आत्ताचा मूड आठवतो आणि तो मागच्या सगळ्या दिवसांना त्याच रंगात रंगवतो.

म्हणून मग संशोधक रोज विचारू लागले. डेव्हिड आल्मेडा यांच्या अभ्यासाची पद्धत मला विलक्षण वाटते, ती फार साधी आहे म्हणूनच. सलग आठ संध्याकाळी सहभागी माणसाला फोन करायचा आणि कालपासून आत्तापर्यंत काय घडलं ते विचारायचं. कुणाशी वाद झाला का? वाद होऊ शकला असता, पण तुम्ही तो जाऊ दिलात, असं काही झालं का? कामावर काही? घरी काही? तुमच्याशी भेदभावाने कुणी वागलं का? जवळच्या माणसाच्या बाबतीत असं काही घडलं का, ज्याचा तुम्हाला त्रास झाला? मग शेवटी, याखेरीज काही? २००२ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात १,०३१ प्रौढांच्या अशा नोंदी होत्या. सुमारे ४० टक्के दिवसांत लोकांनी एक तरी त्रास नोंदवला आणि माणसामाणसांतली कुरबुर त्यात सगळ्यांत वरचढ होती.

यातला दुसरा प्रश्न पुन्हा वाचून बघा. टाळलेला वाद. तोंडाशी आलेलं वाक्य गिळलं, विषय बदलला, दुसऱ्या खोलीत निघून गेलात. बाहेरून बघणाऱ्याला तिथे काही घडलेलंच नसतं. डॉक्टर ते विचारत नाहीत, घरचे ते मोजत नाहीत आणि गिळणारा माणूस स्वतःही रात्री म्हणतो की आजचा दिवस तसा बरा गेला. पण ज्याने ही प्रश्नावली लिहिली त्याला ठाऊक होतं की न घडलेल्या भांडणालाही ताकद लागते. आजारी माणसाची काळजी घेणाऱ्यांच्या दिवसात तर हा प्रकार सगळ्यांत जास्त, कारण ज्याच्याशी वाद घालायचा त्याला पाच मिनिटांनी त्यातलं काही आठवणार नसतं. चिडायची सोय नाही आणि चिड तर येते.

आता या संशोधनातला माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोलाचा भाग. या लोकांना साधारण १० वर्षांनी पुन्हा गाठलं गेलं. सुझन चार्ल्स, आल्मेडा आणि सहकाऱ्यांचा २०१३ चा निबंध सांगतो की त्रासाच्या दिवशी ज्यांचं मन अधिक खाली जात होतं, त्यांच्यात १० वर्षांनंतर मानसिक तक्रारी अधिक होत्या. आणि २०१८ साली केट लेजर, चार्ल्स आणि आल्मेडा यांनी त्याच माहितीतून वेगळाच प्रश्न विचारला. त्रासाच्या दिवशी मन किती खाली गेलं ते राहू दे. दुसऱ्या दिवशी, नवा काही त्रास नसताना, मन वर आलं का? ज्यांचं आलं नाही, आदल्या दिवसाची कडवट चव ज्यांच्या दुसऱ्या दिवसातही उतरली, त्यांच्यात दशकभराने जुनाट दुखणी जास्त होती आणि जिने चढणं, वजन उचलणं अशी साधी कामंही त्यांना जास्त जड जात होती.

हा निबंध वाचल्यापासून ताणाकडे बघायची माझी नजरच बदलली. किती त्रास झाला हे आपण मोजत बसतो. किती वेळ राहिला, हे मोजायला हवं. सहसंबंध म्हणजे कारण नव्हे, हे मी वर्षाला दोनशे मुलांकडून घोकून घेते, त्यामुळे रेंगाळलेल्या रागाने गुडघे दुखू लागले असं मी म्हणणार नाही. आधीपासून बारीक दुखणं असलेल्याचाच राग रेंगाळत असेल, असंही होऊ शकतं. पण शरीरापर्यंत ही वाट जाते, याचे वेगळ्या प्रकारचे पुरावे आहेत आणि त्यातला एक माझ्या घराला थेट लागू आहे.

ओहायो स्टेट विद्यापीठात जॅनिस कीकोल्ट-ग्लेसर आणि त्यांचे पती, प्रतिकारशक्तीचे अभ्यासक रोनाल्ड ग्लेसर, अनेक वर्षं ताण आणि प्रतिकारशक्ती यांवर काम करत होते. १९९५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा एक छोटासा निबंध आला. डिमेन्शिया झालेल्या नातेवाइकाची काळजी घेणाऱ्या १३ स्त्रिया, आणि वय व उत्पन्न त्यांच्याशी जुळणाऱ्या पण असं ओझं नसलेल्या दुसऱ्या १३. प्रत्येकीच्या हातावर डॉक्टरांनी साडेतीन मिलिमीटर व्यासाची एकसारखी जखम केली. त्वचेचा तुकडा तपासणीला घेतात तशी. मग ती भरेपर्यंत तिच्यावर लक्ष ठेवलं. दुसऱ्या गटातल्या स्त्रियांची जखम सरासरी ३९.३ दिवसांत भरली. काळजी घेणाऱ्यांची ४८.७ दिवसांत.

नऊ दिवसांचा फरक. संख्या लहान आहे, २६च जणी. पण जखम सगळ्यांची सारखी होती, आणि जखम भरून येणं हे काही मतावर किंवा मूडवर अवलंबून नसतं. डोहरेनवेंड यांचा आक्षेप इथे पोचत नाही. तीनच वर्षांनी त्याच गटाने दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या टाळूवर तशीच जखम केली, एकदा सुट्टीत आणि एकदा परीक्षेच्या तोंडावर. परीक्षेच्या वेळी तीच जखम भरायला सरासरी ४० टक्के जास्त वेळ लागला. इथे तर माणसंही तीच होती.

मी स्वतः त्या १३ जणींमधलीच एक आहे असं मला तो निबंध वाचताना वाटत राहतं. त्यांची नावं कुठे नाहीत. त्यांनी घरी कुणाला तरी सांभाळायला बसवलं असेल, प्रयोगशाळेत आल्या असतील, हात पुढे केला असेल आणि लगबगीने परत गेल्या असतील. त्यांच्या त्या हातांमुळे आज मी ठामपणे सांगू शकते की घरात बसून कुणाची सेवा करणं हे 'काही काम नसणं' नव्हे.

पण मग नेमकं काय रेंगाळतं? योस ब्रोशॉट, विल्यम गेरिन आणि ज्युलियन थेअर यांनी २००६ मध्ये मांडलेली कल्पना मला पटते. त्रासाचा प्रसंग बहुतेकदा थोडक्यात आटोपतो. आपण तो डोक्यात चालू ठेवतो: झालेलं उगाळतो, होणाऱ्याची धास्ती घेतो. हृदयाचे ठोके, रक्तदाब, कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक यांना खरा प्रसंग आणि आठवलेला प्रसंग यांत फारसा भेद करता येत नाही. प्रसंग पाच मिनिटांचा आणि शरीराची तयारी पाच तासांची, असं होतं.

इथपर्यंत आलं की कुणीतरी हमखास म्हणतं, "म्हणजे मनावर घ्यायचं नाही, एवढंच ना?" या वाक्याला माझा मनापासून विरोध आहे. मनावर घेणं हे घेणाऱ्याच्या हातात असतं, असं त्यात गृहीत धरलेलं आहे, आणि संशोधन वेगळं सांगतं. दिवस तिथल्या तिथे मिटतो की पुढे ओढला जातो, हे बऱ्याच अंशी माणसाच्या भोवती काय आहे त्यावर ठरतं.

रेना रेपेटी यांनी १९८९ मध्ये विमानवाहतूक नियंत्रकांचा अभ्यास केला. ज्या दिवशी आकाशात गर्दी जास्त, त्या संध्याकाळी हे लोक घरी गप्पगप्प असायचे. जोडीदार समजून घेणारा असेल तर ते अधिकच गप्प राहू शकायचे, आणि राग कमी निघायचा. म्हणजे घरातल्या दुसऱ्या माणसाने त्यांना तेवढा वेळ दिला होता. ती गप्प संध्याकाळ हे प्रेम आटल्याचं लक्षण नसून मन जागेवर येण्याची सोय होती. हे कळायला किती घरांत किती भांडणं व्हावी लागतात!

आणि नाइल बोल्जर यांचा २००० सालचा अभ्यास. वकिलीच्या परवाना परीक्षेला बसणाऱ्यांची आणि त्यांच्या जोडीदारांची, अशा ६८ जोडप्यांची रोजनिशी. परीक्षेआधीचे काही आठवडे दोघांनीही स्वतंत्रपणे रोज लिहायचं: आज मी आधार दिला का, आज मला आधार मिळाला का. परीक्षार्थीला आधार मिळाल्याचं जाणवलं, तर त्याची उदासी उलट थोडी वाढलेली दिसायची. जोडीदाराने आधार दिल्याचं लिहिलंय आणि परीक्षार्थीच्या नोंदीत त्याचा पत्ताच नाही, अशा वेळी उदासी सगळ्यांत कमी. दिसणारी मदत 'तुला जमत नाहीये' असंही हळूच सांगून जाते. न दिसणारी मदत फक्त ओझं उचलते.

हे वाचून मी घरात बघायला लागले. औषधांच्या डबीचे सात कप्पे दर आठवड्याला भरलेले असतात. माझा नवरा रविवारी रात्री ते भरतो, आणि मी ते भरताना त्याला फार क्वचित पाहिलंय. डॉक्टरांची तारीख त्याच्या फोनमध्ये असते, माझ्या डोक्यात नसते. आई रात्री उठल्या की तो उठतो आणि सकाळी त्याबद्दल बोलत नाही. हे त्याने कुठे वाचून केलेलं नाही. मात्र एक गोष्ट मला खटकते आणि ती या निष्कर्षाचा आनंद साजरा करणाऱ्यांनी लक्षात ठेवायला हवी: न दिसणारी मदत करणाऱ्याचा थकवाही दिसत नाही. बहुतेक घरांत ही मदत वर्षानुवर्षं एकाच माणसाकडून येते आणि ते माणूस बहुधा बाई असते. आधार अदृश्य असावा, आधार देणारा नव्हे. म्हणून रविवारच्या डबीबद्दल मी नवऱ्याशी बोलले, आणि आता एक आड एक रविवारी ती मी भरते. त्याला ते आवडलं.

रात्रीसाठी मी एक गोष्ट नेमाने करते. ती बेलर विद्यापीठातल्या मायकल स्कलिन यांच्या प्रयोगावरून घेतली आहे. ५७ तरुणांना प्रयोगशाळेत झोपायला बोलावलं, मेंदूच्या लहरी नोंदवायची सोय करून. झोपण्याआधी पाच मिनिटं अर्ध्या लोकांनी येत्या काही दिवसांत करायची कामं लिहायची, अर्ध्यांनी नुकतीच पार पडलेली. करायची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली, आणि यादी जितकी बारीक तपशिलाची तितकी झोप लवकर. मला उलट वाटलं असतं. उरलेली कामं डोळ्यांसमोर आणली तर झोप उडायची! पण कागदावर उतरलेलं काम डोक्याला धरून ठेवावं लागत नाही. माझ्या यादीत 'आईंचं बघणे' असं कधीच नसतं. 'चष्म्याची दोरी आणणे', 'रक्ततपासणीचा अहवाल फाइलला लावणे' असं असतं. मोघम लिहिलं तर मन ते पुन्हा उघडून बसतं.

राहता राहिली कडी. १९७२ साली डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांनी गोंगाटावरच्या प्रयोगांचं पुस्तक प्रसिद्ध केलं. टंकयंत्र, गणनयंत्र, स्पॅनिश बोलणारे दोघं, आर्मेनियन बोलणारा एक, असे आवाज एकमेकांत मिसळून त्यांनी कानठळ्या बसवणारा गोंगाट तयार केला आणि लोकांना तो सोसत कामं करायला लावली. काहींच्या हाताशी एक बटण होतं: दाबलं तर आवाज बंद होईल, पण शक्यतो दाबू नका, असं त्यांना सांगितलं होतं. त्यांनी ते दाबलं नाही. आवाज दोन्ही गटांनी सारखाच ऐकला. नंतर शांततेत न सुटणारी कोडी दिली तेव्हा बटणवाले कितीतरी जास्त वेळ झटत राहिले आणि मुद्रितशोधनातही त्यांच्या कमी चुका सुटल्या. बटण हाताशी आहे, एवढ्याने फरक पडला होता.

इतके दिवस मी हा प्रयोग माझ्या बाजूने वाचत होते, काळजी घेणाऱ्याच्या हाती बटण कसं येईल म्हणून. एका संध्याकाळी आईंना दाराशी हात चोळत उभ्या असलेल्या पाहिलं आणि वाटलं, गोंगाट तर त्यांच्या डोक्यात आहे, आणि माझं 'लावली हो' हे उत्तर त्यांच्या हाताशी असलेलं बटण नाही. ते माझ्या हातातलं आहे. मग आम्ही दाराशेजारी पुठ्ठ्याची एक पाटी टांगली. एका बाजूला 'कडी उघडी', दुसऱ्या बाजूला 'कडी लावली', आईंना जमेल एवढ्या मोठ्या अक्षरांत. अंधार पडला की त्या स्वतः कडी लावतात आणि स्वतः पाटी उलटतात. अक्षर वाचणं त्यांना अजून येतं. शंका आली की उठून जातात, पाटी वाचतात, कडीला हात लावून बघतात आणि मला न विचारता परत येऊन बसतात. सगळ्या संध्याकाळी असं होत नाही. तब्येत बरी नसेल त्या दिवशी पाटी त्यांच्या लक्षातही येत नाही आणि प्रश्न पूर्वीसारखाच येतो. पण परवा शेजारच्या काकू आल्या, जाताना त्यांनी कडी काढली, तेव्हा आईंनी त्यांना थांबवून सांगितलं, "ती पाटी उलटून जा हं, नाहीतर घरातल्यांना कसं कळणार?"